परसातील उदंड दुधी

परीक्षेत भोपळा मिळाला असता आमच्या विद्यार्थ्यांस जितके वाईट वाटते, जवळजवळ तितकेच ऑगस्ट-सप्टेंबरात तो ताटात वारंवार मिळू लागला म्हणजे वाटते, असा आमचा अनुभव आहे. जूनच्या पहिल्या पावसात परसात दुधीच्या दोन बिया टोचाव्या, वेल मांडवावर चढावा, आणि दोन महिने लोटतात न लोटतात तोच घरात दुधी ठेवावयास जागा उरू नये! पहिला दुधी सर्वांनी कौतुकाने हाताळावा, दहावा शेजारी पाठवावा, आणि विसावा घेऊन जावे तो शेजाऱ्यांनीच आपल्या मांडवावरचा एक आपल्या हाती ठेवावा, हा क्रम परस असलेल्या प्रत्येक घरास ठाऊक आहे. भोपळ्याचे विळ्याशी सख्य नसते म्हणतात. आमच्या घरी ते दोन महिने मुलांशीही नसे.

परंतु यात दोष दुधीचा थोडा आणि आपला अधिक आहे. बाजारात पाव किलो दुधी विकत आणणारी गृहिणी ज्या काळजीने त्याची भाजी करते, ती काळजी दारी फुकट लोंबणाऱ्या फळाच्या वाट्यास येत नाही. तो मांडवावरच विसरला जातो, हातभर वाढतो, आणि मग त्याच्या जाड फोडी भरपूर पाण्यात शिजवून ताटात येतात. अशा भाजीस मुलांनी नाक मुरडले तर त्यांस रागे कसे भरावे?

पहिली गोष्ट तोडणीची. दुधी हे कोवळेपणी खावयाचे फळ आहे. त्याची पांढरी फुले सायंकाळी उमलतात. ज्या फुलाखाली बोटाएवढे इवले फळ दिसते ते मादीफूल. फळ धरल्यापासून साधारण दहा-पंधरा दिवसांत ते काढण्याजोगे होते. सालीवर बारीक लव असावी आणि नख सहज रुतावे, ही कोवळेपणाची खूण. एकदा फळ जून होऊ लागले, की वेल आपले बळ बियांकडे वळवितो आणि नवी फळे धरण्यात हात आखडता घेतो. म्हणून एक दिवसाआड मांडवाखाली फेरी घालणे बरे. जून भोपळ्याचे उपयोग निराळे आहेत. पूर्वी खेड्यांतील मुले पाठीस सुका भोपळा बांधून विहिरीत पोहावयास शिकत, आणि गोष्टीतली म्हातारी लेकीकडून परतताना ज्यात बसली तोही कोवळा नसणारच. स्वयंपाकघरात मात्र त्यास बोलावू नये.

दुसरी गोष्ट पाण्याची. आणि आमच्या मते दुधीच्या पाककलेचे सारे रहस्य हेच. दुधीच्या शंभर भागांत सुमारे ९५ भाग पाणीच असते. मग त्यात आणखी पाणी ओतून आपण काय साधतो? जे आहे त्याचाच बंदोबस्त करावयाचा असतो. ते आटवावे, शोषून घ्यावे, नाही तर त्याचाच उपयोग करावा. हे एकदा ध्यानात आले, की एकाच फळापासून आठवडाभर निरनिराळे पदार्थ करणे अवघड नाही.

आटविण्याचा उत्तम नमुना म्हणजे हरभऱ्याची डाळ घालून केलेली सुकी भाजी. डाळ दोन तास भिजत ठेवावी. तेलात मोहरी, हिंग, हळद यांची फोडणी करून प्रथम डाळ व मागाहून दुधीच्या लहान फोडी घालाव्या, आणि पातेल्यावर खोलगट झाकणी ठेवून पाणी तिच्यात ओतावे, भाजीत नव्हे. वाफेने दुधी आपलेच पाणी सोडतो व त्यातच डाळ शिजते. शेवटी गोडा मसाला, मीठ, गुळाचा खडा आणि ओले खोबरे घालून झाकण काढावे व उरलेले पाणी आटू द्यावे. डाळ बोटाने दाबली जावी पण तिचा आकार मोडू नये.

शोषण्याचे काम बेसन करते. फोडींस पाणी सुटले म्हणजे वरून कोरडे बेसन थोडथोडे पेरावे, परतावे, दोन वाफा आणाव्या आणि कडा खमंग होईतो तव्यावर राहू द्यावे. पीठ पेरून केलेली ही भाजी आमच्या घरी डब्यातून कधी परत आली नाही.

सुटलेल्या पाण्याचाच उपयोग करावयाचा तर थालीपीठ. पाण्यात फुगलेला बेदाणा साखरेच्या दाट पाकात टाकला असता आकसतो, हे परासरण शिकताना मुलांनी पाहिलेले असते. मीठ लावलेल्या किसाचेही तेच होते. दुधी किसून मीठ लावावे व दहा मिनिटे ठेवावे. कीस पाण्याने थबथबतो. त्याच पाण्यात मावेल तेवढे ज्वारीचे, गव्हाचे व हरभऱ्याचे पीठ, तीळ, ओवा, मिरची, कोथिंबीर घालून मळावे. वेगळे पाणी लागत नाही. ओल्या फडक्यावर थापून, मध्ये भोक पाडून, तेल सोडून तव्यावर भाजावे. यात दुधी आहे हे खाणाऱ्यास सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि आमचा सल्ला असा की पहिले थालीपीठ संपेपर्यंत सांगूही नये.

घरी पाहुणे येणार असतील तर हलवा. एक किलो कोवळा दुधी बिया काढून किसावा, हलका पिळावा (ते पाणी कणकेत घालावे), दोन-तीन चमचे तुपात चांगला परतावा, अर्धा लिटर दूध घालून मंद आचेवर आटवावे. दूध पुरते आटल्यावरच सुमारे २०० ग्रॅम साखर घालावी. किसातील पाणी न आटवता साखर घातली तर पातेले पुन्हा पातळ होऊन बसते व माणूस ढवळून थकतो. वेलचीची पूड शेवटी.

सालीही टाकावयाच्या नाहीत. धुऊन, बारीक चिरून तेलात कुरकुरीत परताव्या. तीळ, सुके खोबरे, मिरची व मीठ यांसह जाडसर कुटाव्या. दोडक्याच्या शिरांची चटणी याच रीतीने होते. मांडवावर घोसाळीही असतील तर त्यांची भजी करावी. मात्र चकत्यांस आधी मीठ लावू नये, नाही तर पाणी सुटून पीठ त्यांस धरत नाही.

आता पाककृतींच्या आधी सांगावयाची गोष्ट आम्ही मुद्दाम मागे ठेविली आहे, म्हणजे ती लक्षात राहील. एका वर्षी आमच्या मांडवावर दिसावयास अतिशय देखणा दुधी आला. भाजी झाली आणि पहिलाच घास कडूजहर लागला. अन्न टाकणे आमच्या जिवावर येते. गूळ थोडा वाढवावा, असे आम्हीच सुचविले. आमच्या मातुःश्रींनी मात्र एक शब्द न बोलता पातेले उचलले आणि सारी भाजी परसातल्या खड्ड्यात पुरली. गुरांपुढेही टाकली नाही. आम्हांस तेव्हा रागच आला होता.

त्यांचे बरोबर होते, हे पुढे वाचनात आले. दुधीच्या कुळातील फळांत कधी कधी कुकुरबिटासिन नावाची कडू विषारी द्रव्ये वाढतात. शिजविल्याने ती नाहीशी होत नाहीत. गुळाने चव झाकली जाते, विष नव्हे. अशा दुधीचा रस प्याल्याने उलट्या, जुलाब, रक्तस्राव व रक्तदाब उतरणे असे भयंकर प्रकार आपल्या देशात घडले आहेत, काही माणसे दगावलीही. यावर उतारा असे औषध नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नेमलेल्या तज्ज्ञांनी या प्रकरणांचा विचार केला व त्यांचा लेख २०१२ साली प्रसिद्ध झाला. जर्मनीत २०१५ साली शेजाऱ्याने आपल्या बागेतील झुकिनी, म्हणजे आपल्या दुधीचेच एक दूरचे भावंड, प्रेमाने दिली. ती कडू असताही खाल्ल्यामुळे एका वृद्ध गृहस्थांस प्राणास मुकावे लागले. त्यांच्या पत्नीने थोडीच खाल्ली, म्हणून त्या वाचल्या.

बाहेरून पाहून कडू दुधी ओळखता येत नाही. म्हणून चिरण्यापूर्वी देठाकडील व टोकाकडील लहान तुकडा जिभेस लावावा, कडू लागताच थुंकून टाकावा व ते फळ पुरावे. कारल्याचा कडूपणा स्वाभाविक आहे, दुधीचा नव्हे. कच्चा रस पिण्याची ज्यांस आवड आहे त्यांनी तर हे कधीही चुकवू नये. शेजारी दुधी पाठविताना मुलांनी हा निरोपही सोबत न्यावा.

बी धरावयाचे असल्यास ज्या वेलाची फळे वर्षभर गोड लागली त्याचेच एक फळ मांडवावर सुकू द्यावे. आसपास कडू भोपळ्याचा रानवेल असेल तर त्याचा पराग येऊन बी बिघडते व पुढील वर्षीची फळे कडू निघू शकतात. तेव्हा मादीफूल उमलण्यापूर्वी त्यास कागदी पिशवी बांधावी, सायंकाळी त्याच वेलाचे नरफूल त्यावर हलकेच टेकवावे, आणि फळ धरेपर्यंत पिशवी काढू नये. पुढे फळ हलविता आत बिया खुळखुळू लागल्या म्हणजे ते उतरवावे.