गुण तिघांचे

शेते मोकळी झाली की बुलढाणा जिल्ह्यात गावोगाव स्टम्प उभे राहतात. चिखली असो, मेहकर असो की खामगाव, रविवारी मुले मैदानातच सापडतात. सामना आला की भांडणही आलेच. मागच्या उन्हाळ्यात आमच्या मोहल्ल्यातला एक सामना धावबादच्या निर्णयावरून मोडला. ज्याची बॅट होती तो बॅट घेऊन घरी गेला. खरे सांगायचे तर मुलांपेक्षा जास्त आरडाओरड कडेला उभ्या असलेल्या आम्हा मोठ्यांनीच केली होती. घरी आल्यावर आमचीच आम्हाला लाज वाटली. मुलांना जिंकायला सगळेच शिकवतात. हरायला कोण शिकवणार?

याचे उत्तर आम्हाला आपल्याच जिल्ह्यात मिळाले. प्रथमेश जवकार हा बुलढाण्याचा तिरंदाज. मे २०२३ मध्ये शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत त्याने नेदरलँड्सच्या माइक श्लोसर या नामांकित खेळाडूला १४९-१४८ असे एका गुणाने हरवून सुवर्णपदक मिळवले. सप्टेंबरमध्ये मेक्सिकोतील हर्मोसिलो येथे विश्वचषकाची अंतिम स्पर्धा झाली. तेथे डेन्मार्कच्या मथायस फुलरटनशी त्याची १४८-१४८ अशी बरोबरी झाली. एकेका जादा बाणावर निकाल लागला आणि प्रथमेशच्या हाती रौप्यपदक आले. असे हरणे पचवायला मन मोठे लागते.

पुढच्याच महिन्यात, ५ ऑक्टोबरला, चीनमधील हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत तो पुन्हा उभा राहिला. या वेळी एकटा नव्हे. सोबत नागपूरचा ओजस देवतळे आणि दिल्लीचा अनुभवी अभिषेक वर्मा होते. समोर दक्षिण कोरिया. २०१८ साली जकार्तात याच कोरियाशी भारताची २२९-२२९ अशी बरोबरी झाली होती. जादा बाणांचे गुणही सारखेच पडले. शेवटी कोरियाचा बाण केंद्राच्या अधिक जवळ म्हणून सुवर्ण त्यांना मिळाले. त्या पराभूत संघात अभिषेक होता.

सांघिक कंपाउंड तिरंदाजीत लक्ष्य पन्नास मीटरवर असते. चार फेऱ्या, प्रत्येक फेरीत तिघांचे दोन-दोन बाण, असे एकूण चोवीस बाण. फेरीतील सहा बाणांसाठी दोनच मिनिटे. एकाने वेळ खाल्ला तर दुसऱ्याची घाई होते. एकाचा बाण नऊवर गेला तर तो तिघांच्याही खात्यात नऊच. कोणाचा किती वाटा हे पदकावर लिहिलेले नसते. त्या दिवशी २४० पैकी २३५ गुण मिळवून भारताने कोरियाला पाच गुणांनी हरवले. दोनच दिवसांनी वैयक्तिक अंतिम सामन्यात ओजस आणि अभिषेक एकमेकांसमोर आले. ओजस १४९-१४७ ने जिंकला. परवाचा सोबती आज प्रतिस्पर्धी झाला, पण वैरी झाला नाही.

या खेळातील आणखी एक रीत आम्हाला फार आवडली. पात्रता फेरीत तिरंदाज लक्ष्याजवळ जातात आणि प्रत्येक जण आपल्या बाणाचे गुण स्वतःच पुकारतो. बाकीचे ते तपासतात. गुण लिहून होईपर्यंत बाणाला हात लावायचा नाही. म्हणजे पहिला पंच आपणच.

गोल्फमध्येही असेच आहे. तेथे चूक झाली तर खेळाडूने स्वतःच सांगून दंड घ्यायचा असतो. १९६९ साली इंग्लंडमध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात रायडर चषकाचा सामना रंगला होता. सारे काही शेवटच्या खळग्यावर आले. ब्रिटनच्या टोनी जॅकलिनचा सुमारे दोन फुटांचा फटका उरला होता. तो चुकला असता तर अमेरिका जिंकली असती. पण अमेरिकेच्या जॅक निकलसने तो फटका मारायलाच लावला नाही. चेंडू खळग्यात गेला असे मान्य करून टाकले. सामना १६-१६ असा बरोबरीत सुटला. त्याच्याच संघातील काही जण नाराज झाले. पण आज इतक्या वर्षांनीही लोक आठवण काढतात ती त्या न मारलेल्या फटक्याची.

आपल्यासाठी ही शिकवण नवी नाही. बुखारी शरीफमध्ये एक प्रसंग आहे. अस्लम कबिल्याचे लोक दोन गट करून तिरंदाजी करत होते. पैगंबर मुहम्मद (स.) तेथून जात असताना त्यांनी उत्तेजन दिले आणि एका गटाच्या बाजूने असल्याचे सांगितले. तेव्हा दुसऱ्या गटाने हात आवरले. पैगंबर ज्यांच्या बाजूने, त्यांच्याविरुद्ध बाण कसा मारायचा? हे समजताच आपण सर्वांच्याच बरोबर आहोत, असे सांगून त्यांनी खेळ पुढे चालू ठेवायला लावला. मैदानाच्या कडेला मोठ्यांनी कसे उभे राहावे, याचा याहून चांगला धडा कोणता?

आम्ही मुलांना ही हकीकत सांगितली आणि एक नियम केला: बाद आहे की नाही, हे आधी फलंदाजाने स्वतः सांगायचे. पहिल्याच रविवारी झेल गेल्याचा आवाज कोणालाच आला नव्हता. फलंदाज क्षणभर थांबला, मग म्हणाला, "चाचा, बॅटला लागला होता." आणि चालू लागला. आमच्या मोहल्ल्याचा संघ तो सामना हरला. टाळ्या मात्र दोन्हीकडून वाजल्या आणि या वेळी बॅट घेऊन कोणी घरी गेले नाही.