ध्रुवीय प्रकाश : आधी नोंद, मग अंदाज

उत्तर नॉर्वेतील ट्रॉम्सो शहरी हिवाळ्याच्या रात्री आकाशात हिरव्या प्रकाशाचे पडदे हलताना दिसतात. यालाच अरोरा किंवा ध्रुवीय प्रकाश म्हणतात. पूर्वी आकाश असे लाल-हिरवे झाले की युद्ध होणार, रोगराई येणार, असे समजून लोक घाबरत. आज त्याच प्रकाशाची लोक कॅमेरा लावून वाट पाहतात. हा बदल चमत्काराने झाला नाही. वर्षानुवर्षे प्रामाणिकपणे ठेवलेल्या नोंदींमुळे झाला, असे आम्हांस वाटते.

सूर्यावर स्फोट झाला की विद्युतभारित कणांचा लोट बाहेर पडतो. तो साधारण १ ते ३ दिवसांत पृथ्वीपाशी येतो. पृथ्वीचे चुंबकत्व हे कण ध्रुवांकडे वळवते. तेथे ते हवेतील ऑक्सिजनवर आदळले की सुमारे १०० ते २०० किलोमीटर उंचीवर हिरवा आणि त्याहून वर लाल प्रकाश निघतो.

लोट निघाल्याचे दुर्बिणीतून कळते, म्हणून अंदाज आधी देता येतो. पण लोटातील चुंबकीय दिशा दक्षिणेकडे असेल तरच प्रकाश जोरात दिसतो. ती दिशा पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरील यानांपर्यंत लोट पोचल्यावरच कळते. त्यामुळे खात्रीची सूचना बहुधा तासाभरापेक्षाही कमी वेळ आधी मिळते. आपले आदित्य-एल१ यान ६ जानेवारी २०२४ रोजी त्याच भागात पोचले.

फोटोसाठी कॅमेरा तिकाटण्यावर पक्का बसवावा लागतो. फोकस हाताने एखाद्या ताऱ्यावर धरून शटर ५ ते १५ सेकंद उघडे ठेवतात. प्रकाश वेगाने नाचत असेल तर वेळ कमी करतात, नाहीतर पडद्याच्या चुण्या पुसून जातात. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून जादा बॅटरी कोटाच्या आतल्या खिशात ठेवतात.

फोटो म्हणजे नुसती हौस नव्हे. १९१० च्या सुमारास नॉर्वेचे गणिती कार्ल स्टोर्मर यांनी दोन दूरच्या ठिकाणांहून, टेलिफोनवर वेळ जुळवून, एकाच क्षणी फोटो घेतले. मागच्या ताऱ्यांवरून त्यांनी प्रकाशाची उंची मोजली.

या कामात आपल्या मुंबईचाही वाटा आहे. सप्टेंबर १८५९ मध्ये मोठे सौरवादळ आले, तेव्हा कुलाबा वेधशाळेतील निरीक्षक चुंबकसूचीचे आकडे डोळ्यांनी वाचून वहीत उतरवत होते. वादळाचा जोर किती होता, हे शोधताना २००३ साली शास्त्रज्ञांना तेच आकडे उपयोगी पडले. पुढे हे काम अलिबागला गेले. मे २०२४ च्या वादळात लडाखमधील हानले येथील कॅमेऱ्यांनीही आकाशातील लाल आभा टिपली.

अंदाज फक्त हौशी लोकांसाठी नाही. १३ मार्च १९८९ रोजी अशाच वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज गेली आणि सुमारे ६० लाख लोक ९ तास अंधारात राहिले. आधी सूचना मिळाली तर वीज कंपन्यांना यंत्रे सांभाळता येतात.

पालकांनी हे मुलांना जरूर सांगावे. घरी एक वही घालून रोजचे तापमान किंवा पाऊस लिहिण्याची सवयही त्यांना लावावी. कुलाब्यातले काम याच रीतीने चालत असे.