काजूचे टरफल, आम्ल आणि पोलाद

लांजा तालुक्यात काजू सोलणाऱ्या बायकांची बोटे टरफलाच्या चिकाने भाजतात. या चिकात मुख्यतः अॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल असते. बोटांना छळणारा हाच तेलकट चीक पोलाद वाचवू शकतो.

पोलादाच्या पत्र्यावर जस्त चढवण्याआधी गंज काढायला पत्रा हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवतात. गंज संपला तरी आम्ल थांबत नाही. ते चांगले लोखंड खाऊ लागते, बुडबुड्यांवाटे हायड्रोजन सुटतो आणि त्यातला थोडा आत शिरून पोलाद ठिसूळ करतो. म्हणून आम्लात गंजरोधक मिसळतात. प्रोपार्जिल अल्कोहोलसारखी प्रचलित रोधके विषारी आहेत आणि शेवटी सांडपाण्यात जातात.

त्यांच्या जागी टरफलाचे तेल वापरता येईल. ते तापवले की अॅनाकार्डिक आम्लाचे कार्डानॉल होते. त्याच्या रेणूचे ऑक्सिजन आणि बेंझिनचे वलय असलेले टोक लोखंडाला चिकटते, तर 15 कार्बनांची लांब शेपटी पाण्याला दूर ठेवते. काजूगराच्या तांबूस सालीतले टॅनिनही असेच पृष्ठभागाला धरते.

अशा रोधकाची चाचणी सोपी असते. साध्या आम्लात पोलादाच्या पट्टीचे वजन 100 मिलिग्रॅम घटले आणि टरफलाचा किंवा सालीचा अर्क घातल्यावर 15, तर संरक्षण 85 टक्के.

अडचणी खऱ्या आहेत. आम्ल तापले की बरेच अर्क पकड सोडतात, साठवले तर नासतात, आणि हंगामागणिक त्यांची ताकद बदलते. तरीही प्रयत्न करण्याजोगा आहे, कारण कोकणात बरेच टरफल भट्टीत जळते. जाळण्याआधी त्यातले तेल काढून घ्या, एवढेच काजू कारखानदारांना सांगणे आहे.