एवढीशी कुत्री, तिचं ऑपरेशन करायचं केव्हा?

आज हप्ता नाही, व्याज नाही, पापड-लोणच्याचा धंदाही नाही. आजचा विषय आमच्या गटाच्या मासिक बैठकीतून आला. मानखुर्दला पुनर्वसनाच्या इमारतींत एकेका खोलीत पाच-सहा माणसं राहतात, आणि त्यातल्या कितीतरी घरांत एखादं पॉमेरेनियन नाहीतर तसलंच मिश्र जातीचं पिल्लू असतं. कुणाला कामाच्या ठिकाणच्या मॅडमने दिलेलं, कुणाच्या पोराने हट्टाने आणलेलं. बैठकीत एका ताईने अंतर्गत कर्जाचा अर्ज दिला. कारण लिहिलं होतं, कुत्रीचं ऑपरेशन. सगळ्या हसल्या. मग एकजण म्हणाली, "अगं, दोन किलोचा जीव तो, चिरफाड सोसेल का तिला?" दुसरी म्हणाली, "एकदा तरी आई होऊ दे तिला, मग करा काय ते." हसणं तिथेच थांबलं. कर्ज मंजूर झालं, पण ऑपरेशन कधी करायचं ते काही ठरलं नाही. म्हणून मी डॉक्टरांकडे विचारलं, वाचलं, आणि ते तुम्हाला सांगते आहे.

आधी एक गैरसमज काढू. कुत्रीला रक्त जातं ते आपल्या पाळीसारखं नसतं. आपल्याला गर्भ राहिला नाही की अस्तर पडतं, म्हणून रक्त जातं. कुत्रीचं उलट. तिचं रक्त म्हणजे माजाची सुरुवात. पहिले सात-नऊ दिवस लाल रक्त, तेव्हा ती नराला जवळ येऊ देत नाही. मग रक्त फिकट होतं, कमी होतं, आणि नेमके तेच दिवस गाभण राहण्याचे. आपण काय करतो? "झाली बाई पाळी" म्हणतो आणि तिला खाली सोडतो. सगळा माज साधारण दोन ते तीन आठवडे चालतो. तेवढे दिवस तिला एकटीला दाराबाहेर जाऊ द्यायचं नाही. गाभण राहिली तर साधारण ६३ दिवसांनी पिल्लं.

लहान जातीच्या कुत्र्या लवकर वयात येतात. बहुतेकींचा पहिला माज सहा ते दहा महिन्यांत येतो, काहींचा पाचव्या महिन्यातच. पुढे साधारण दर सहा-सात महिन्यांनी. मोठ्या जातीची कुत्री मात्र दीड वर्षाचीही होते तरी माजावर येत नाही. म्हणून शेजारच्या लॅब्राडोरला डॉक्टरांनी जे सांगितलं ते आपल्या पॉमला लागू होत नाही. मोठ्या कुत्र्यांची हाडं-सांधे भरायला वेळ लागतो, त्यांना थांबा म्हणतात. लहान कुत्र्यांमध्ये लवकर ऑपरेशन केल्याने सांध्यांचा त्रास वाढल्याचं सहसा दिसत नाही. अमेरिकेतल्या पशुरुग्णालयांच्या संघटनेने २०१९ साली दिलेला सल्ला असा, की मोठेपणी २० किलोच्या आत राहणाऱ्या मादीचं ऑपरेशन पहिल्या माजाआधी, पाच-सहा महिन्यांची असताना करावं.

पहिल्या माजाआधी का? याचं एक कारण स्तनांच्या गाठी. १९६९ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला. पहिल्या माजाआधी ऑपरेशन झालेल्या कुत्र्यांना या गाठींचा धोका अगदी नगण्य, एका माजानंतर थोडा जास्त, दोन माजांनंतर बराच जास्त, असं त्यात दिसलं. २०१२ साली काही संशोधकांनी तो आणि तसे इतर अभ्यास पुन्हा तपासले, आणि पुरावा वाटतो तेवढा भक्कम नाही म्हणाले. तेव्हा "एक माज झाला, आता कॅन्सर होणारच" असं कुणी सांगितलं तर घाबरू नका. पण लवकर करण्याकडे कल ठेवायला हे कारण आजही पुरेसं आहे, असं मला वाटतं.

दुसरं कारण जास्त पक्कं आहे. गर्भाशयात पू होणं. माज संपल्यावर कुत्रीच्या शरीरात, गाभण असो नसो, सुमारे दोन महिने गरोदरपणाचं संप्रेरक जास्त राहतं. पिशवीचं अस्तर जाड होतं, त्यात जंतू शिरले की पू भरतो. स्वीडनमध्ये विमा उतरवलेल्या कुत्र्यांच्या नोंदी पाहिल्या, तर ऑपरेशन न झालेल्या साधारण चारातल्या एकीला दहा वर्षांची होईपर्यंत हा आजार झालेला होता. माज होऊन महिना-दोन महिने झाले आणि कुत्री खूप पाणी पिते आहे, खात नाही, उलट्या करते, मागून घाण वास येणारा स्राव जातो, किंवा काहीच जात नाही पण पोट फुगलंय, तर उद्यावर टाकू नका. तेव्हाही ऑपरेशनच करावं लागतं, फक्त ते आजारी, अशक्त कुत्रीवर, कितीतरी जास्त धोक्याचं आणि जास्त खर्चाचं. माज थांबवायचं इंजेक्शन स्वस्त म्हणून काहीजण देतात. ते याच संप्रेरकाच्या जातीचं असतं, त्याने पू आणि गाठी दोन्हींचा धोका वाढतो. ते घेऊ नका.

आता, "एकदा आई होऊ दे". एकदा व्याल्याने कुत्रीची तब्येत सुधारते याला काही आधार नाही. उलट अगदी छोट्या जातींत एखादंच पिल्लू पोटात असतं, ते आईच्या मानाने मोठं वाढतं आणि अडतं. मग सिझेरियन. ज्या चिरफाडीला आपण भ्यायलो, तीच रात्री अकराला, रिक्षा शोधत, उसने पैसे घेऊन करायची वेळ येते.

ही भीती मला कळते. "पिशवी काढायची" म्हटलं की आपल्या बायकांच्या अंगावर काटा येतो, आणि का येऊ नये? बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या गरज नसताना काढल्याचा प्रश्न किती गाजला, २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमावी लागली. पण बाई आणि कुत्री यांत फरक आहे. कुत्रीची पाळी वयाने कायमची जात नाही, म्हातारी झाली तरी माज येत राहतो आणि त्याबरोबर पुवाचा धोकाही. ऑपरेशनचे तोटे नाहीत असं नाही. काहींना पुढे झोपेत लघवी गळते, पण हे मोठ्या जातींत जास्त दिसतं. वजन मात्र सगळ्यांचंच वाढू शकतं.

मग दोन किलोच्या जिवाचं काय? वय आणि वजन यांत घोळ होतो तो इथे. नुसतं लहान असणं हे थांबायचं कारण नाही. परदेशातल्या प्राण्यांच्या आश्रयगृहांत दोन महिन्यांच्या, किलोभर वजनाच्या पिल्लांचीही ऑपरेशनं होतात. धोका असतो तो तयारी नसली तर. दोन किलोच्या कुत्रीच्या अंगात सगळं मिळून साधारण १७० मिलिलिटर रक्त असतं, म्हणजे जेमतेम दोन कटिंग. थोडं सांडलं तरी तिला ते पुष्कळ. तिचं अंग भुलीखाली पटकन गार पडतं. आणि मोठ्या कुत्र्यासारखं रात्रभर उपाशी ठेवलं तर साखर उतरून तिला झटके येऊ शकतात. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारा, किती तास उपाशी ठेवू? रक्त तपासणार का? आपल्याकडे गोचिडीच्या तापाने रक्त आणि प्लेटलेट कमी झालेल्या कुत्र्या पुष्कळ, ते आधी कळलं पाहिजे. वजन त्याच दिवशी काट्यावर करणार का? ऊब द्यायची सोय आहे का? इतक्या छोट्या कुत्र्या तुमच्याकडे नेहमी होतात का? हे विचारल्याचा राग येणाऱ्या डॉक्टरकडे मी तरी जाणार नाही. डॉक्टर म्हणाले, "महिनाभर थांबा, वजन भरू दे," तर थांबा. तो महिना दारावर मात्र लक्ष ठेवा.

त्याच भुलीत आणखी एक काम होतं. छोट्या जातींत दुधाचे सुळे पुष्कळदा पडत नाहीत, पक्क्या दातांशेजारी तसेच राहतात आणि तिथे अन्न अडकून दात किडतात. सहा-सात महिन्यांनंतर ऑपरेशन असेल आणि ते राहिलेले दिसले, तर तेव्हाच काढून घ्यायला सांगा. दुसऱ्यांदा भूल द्यायला नको.

माज येऊन गेलाच असेल तर लगेच धावू नका. तेव्हा पिशवीच्या नसा रक्ताने भरलेल्या असतात. संपल्यावर दोन-तीन महिने जाऊ द्या. मधल्या काळात काही कुत्र्या पिल्लं नसतानाही दूध आणतात, बाहुली कुशीत घेऊन बसतात. दूध आटेपर्यंत ऑपरेशन नको, आणि पिळून बघू नका, त्याने आणखी येतं.

हे करायचं कुठे? मुंबईकरणींना परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट प्राण्यांचं रुग्णालय ऐकून माहीत असतं. ते १८८३ सालापासूनचं. शेजारीच १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मानखुर्दहून कुर्ल्याला गाडी बदलली की परळ. गावाकडच्या मैत्रिणींनी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावं, १९६२ हा पशुसंवर्धनाचा टोल फ्री क्रमांकही आहे. गाई-म्हशींचे डॉक्टर चांगलेच असतात, पण एवढ्या छोट्या कुत्रीच्या भुलीसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागलं तर जा. रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या नसबंदीची जबाबदारी महापालिका-नगरपालिकांची, पण २०२३ च्या केंद्राच्या नियमांप्रमाणे घरच्या कुत्र्याची जबाबदारी मालकाचीच. तेव्हा गाडी येईल आणि फुकट होईल अशी वाट पाहू नका. खर्च आधी लिहून घ्या, त्यात रक्ततपासणी आणि नंतरची औषधं धरली आहेत का ते बघा.

घरी आणल्यावर तिला गोधडीत, पंख्यापासून दूर ठेवा. शुद्धीवर नीट आली की डॉक्टरांच्या सल्ल्याने थोडं थोडं खायला द्या. टाके दहा ते चौदा दिवस. तोवर चाटू द्यायचं नाही, पलंगावरून उड्या नाहीत, आंघोळ नाही. जखम लाल झाली, गळायला लागली, हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर परत न्या. दुखतंय म्हणून घरातली क्रोसिन, कॉम्बिफ्लाम अजिबात देऊ नका, एवढ्याशा जिवाला एक गोळीही विषारी ठरते. आणि टाके निघाले की ताटातली पोळी कमी करा. साधारण चौथा हिस्सा कमी, आणि महिन्यातून एकदा किराणावाल्याच्या काट्यावर वजन.