‘टु’ कीं ‘इंग्’ ?

इंग्रजी व्याकरण म्हटलें कीं घरांतील वडील मंडळीस तें रुक्ष वाटतें व मुलांस नकोसें होतें. आम्हीं हा विषय तीस वर्षें शिकविला. तरी त्यांतील एका लहानशा नियमाचें मोल आम्हांस गेल्या वर्षीं आमच्याच घरांत कळलें.

आमच्या थोरल्या बंधूंना सायंकाळीं फिरतांना दोनदां घेरी आली. तेव्हां रक्तदाबाच्या गोळ्या त्यांनीं आपल्या मनानेंच बंद केल्या. डॉक्टर परप्रांतांतले, त्यांस मराठी येत नाहीं. म्हणून हकीकत इंग्रजींत लिहून पाठविण्याचें काम आमच्या नातवाकडे आलें. त्यानें लिहिलें, ‘ही फेल्ट गिडी ऑन द रोड अँड स्टॉप्ड टु टेक द टॅब्लेट्स.’ डॉक्टरांनीं अर्थ घेतला तो असा, कीं घेरी येतांच ते वाटेंत थांबले व त्यांनीं गोळ्या घेतल्या! रोगी औषध नेमानें घेत आहे असें समजून त्यांनीं पुढील उपचार ठरविला. दोन दिवसांनीं दूरध्वनीवर बोलतांना खरा प्रकार उघडकीस आला व थोडक्यांत निभावलें.

लिहावयास हवें होतें, ‘स्टॉप्ड टेकिंग’. नातवास इंग्रजी आम्हींच शिकविलेलें; तेव्हां चूक त्याची थोडी व आमची अधिक. क्रियापदांच्या याद्या आम्हीं पाठ करवून घेतल्या, कारण मात्र सांगितलें नाहीं.

संस्कृत जाणणाऱ्या वाचकांस तें कारण परकें वाटूं नये. ‘पठितुम्’ आणि ‘पठनम्’ हीं एकाच धातूचीं रूपें. एक क्रिया दुसरीच्या हेतूनें केली जाते तेथें पाणिनीनें तुमुन् प्रत्यय सांगितला. इच्छार्थक धातूंच्या योगेंहि, दोहोंचा कर्ता एकच असतां, तोच सांगितला. ल्युट् प्रत्ययानें मात्र क्रियेचें नाम बनतें. इंग्रजी ‘टु’ हें मूळचें ‘कडे’ या अर्थाचें शब्दयोगी अव्यय. त्याची दृष्टि बहुधा पुढें, अद्याप न घडलेल्या क्रियेकडे असते. म्हणून वाँट, होप, डिसाइड, प्रॉमिस यांच्यापुढें ‘टु’ येतें. ‘इंग्’ लागलें कीं क्रियेचें नाम होतें; चालू असलेली वा होऊन गेलेली क्रिया जणूं वस्तूसारखी हातीं धरतां येते. म्हणून एन्जॉय, फिनिश यांच्यापुढें ‘इंग्’. ‘रिमेम्बर टु पोस्ट’ म्हणजे पत्र टाकावयाची आठवण ठेवणें. ‘रिमेम्बर पोस्टिंग’ म्हणजे पत्र टाकल्याचें आठवणें. पहिल्यांत पत्र अजून खिशांत आहे, दुसऱ्यांत तें पेटींत पडलें आहे.

हा नियम सर्वत्र चालेल असें मात्र नव्हे. सजेस्ट व अव्हॉइड यांचा रोख पुष्कळदां पुढें असूनहि त्यांस ‘इंग्’च लागतें, बिगिन व स्टार्ट यांस दोन्ही चालतात. ‘लुकिंग फॉरवर्ड टु’ यांतील ‘टु’ तर निव्वळ शब्दयोगी. त्यापुढें ‘मीट’ नव्हे, ‘मीटिंग’ हवें. आपल्याकडील पत्रांत ही चूक फार आढळते. अशीं स्थळें पाठच करावीं.

एरव्हीं मुलें अडलीं तर त्यांस आधीं मराठींत विचारावें : ‘घेण्यासाठीं थांबले’, कीं ‘घेणें थांबविलें’? हा भेद मायबोलीनें त्यांस न शिकवितांच दिलेला आहे.

आमचे बंधु आतां बरे आहेत. डॉक्टरांस पत्र लिहितांना नातू प्रत्येक वाक्य आधीं मराठींत म्हणून दाखवितो, आणि बंधु शेजारीं बसून तें कान देऊन ऐकतात.