मार्चअखेर आणि चाळीस दिवसांचा उपवास

नीरेच्या काठी वसलेल्या शिरवळचे नाव महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात एका लहानशा पुस्तकामुळे घेतले जाते. सावित्रीबाई फुले यांचे माहेर, नायगाव, तेथून जवळच. दोन्ही गावे आजच्या खंडाळा तालुक्यात. चरित्रकारांनी नोंदविलेली कथा अशी की, शिरवळच्या आठवडे बाजाराला गेलेल्या लहानग्या सावित्रीला तेथे ख्रिस्ती धर्मप्रचारकांकडून येशूविषयीची एक पुस्तिका मिळाली. ती घरात आलेली वडिलांना रुचली नाही. त्यांनी ती फेकून दिली. मुलीने ती पुन्हा उचलून जपून ठेवली आणि १८४० साली लग्न होऊन सासरी जाताना सोबत नेली. कथेच्या तपशिलांत फरक आढळतात. पण त्या वेळी मुलीला अक्षरओळखही नव्हती, याविषयी दुमत नाही.

बाजारात उघडपणे मिळालेली वस्तू घरात मात्र लपवून ठेवावी लागते, हा त्या कथेतील भाग आज कोणी फारसा लक्षात घेत नाही. सातारा-सांगलीकडील थोड्याथोडक्या ख्रिस्ती कुटुंबांना तो सहज समजेल. त्यांच्यापैकी कित्येकांच्या बाबतीत प्रकार नेमका उलटा झाला आहे. पुस्तक घरात उघड्यावर असते आणि चारचौघांत, विशेषतः कागदोपत्री, ते झाकावे लागते.

ख्रिस्ती पंचांगातील लेंट, म्हणजेच प्रायश्चित्तकाळ, राखेच्या बुधवारी सुरू होतो व ईस्टरपर्यंत चालतो. मधले रविवार वगळले की दिवस बरोबर चाळीस भरतात. येशूने अरण्यात चाळीस दिवस उपवास केला, त्याचे हे स्मरण. उपवास, प्रार्थना आणि दानधर्म ही या काळाची तीन अंगे मानली जातात. कॅथलिक पंथात राखेच्या बुधवारी कपाळावर राख लावतात. मौजेची गोष्ट ही की, त्याच दिवशी उपासनेत मत्तयकृत शुभवर्तमानातील जो भाग वाचला जातो, त्यात उपवास करणाऱ्याने तो लोकांना दिसू देऊ नये, तोंड धुऊन प्रसन्न असावे, आणि उजव्या हाताचे दान डाव्या हातालाही कळू नये, असा उपदेश आहे. म्हणजे एकीकडे कपाळावर राख आणि दुसरीकडे गुप्ततेची आज्ञा! हा विरोध कोणाच्या नजरचुकीने राहिलेला नाही. धर्म दाखविण्याचा मोह आणि धर्म लपविण्याचा मोह, या दोहोंची जाणीव एकाच सकाळी व्हावी, अशी ती योजना आहे.

या भागातील जुन्या मंडळ्यांना लेंटची मोठी परंपरा नाही. सातारा हे अमेरिकन मराठी मिशनचे ठाणे. मिरजेला अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने रुग्णालय उभारले. दोन्ही मिशने प्युरिटन वळणाची, सण आणि व्रते यांविषयी काहीशी साशंक. १९७० साली नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना होऊन अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल आदी प्रवाह एकत्र आले, आणि एकाचे पंचांग दुसऱ्याच्या घरी गेले. तेव्हा लेंटमध्ये काय करावे व काय वर्ज्य करावे, यावर या घरांतून आजही एकवाक्यता नसली तर नवल नाही. कोणी मांसाहार सोडतो, कोणी चहा. गावच्या जत्रेचे जेवण नेमके याच दिवसांत येते, आणि शेजाऱ्याच्या आग्रहाला काय उत्तर द्यावे हा प्रश्न पडतो. पण तो काही फार कठीण प्रश्न नव्हे. शेजारी समजून घेतो.

कठीण प्रश्न दुसरीकडे आहे. लेंट फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू होतो आणि मार्च-एप्रिलमध्ये संपतो. आपल्याकडे हेच दिवस मार्चअखेरचे आणि परीक्षांचे. कचेरीतील लेखनिकाला ३१ मार्चच्या आत तरतूद खर्ची घालावयाची असते; न झालेल्या प्रवासाची भत्त्याची बिले, न आलेल्या मालाच्या पावत्या, मागील तारखेच्या सह्या, हे सारे याच पंधरवड्यात टेबलावर येते. शिक्षक दहावी-बारावीच्या केंद्रावर पर्यवेक्षक असतो. खिडकीतून चिठ्ठी आत येते आणि त्याने त्या क्षणी पाठ फिरवावी अशी गावाची अपेक्षा असते. दुपारचे जेवण वर्ज्य करणारा लेखनिक खोट्या पावतीवर सही करतो, तेव्हा त्याचा उपवास मोडला असे कोणी म्हणत नाही. मंडळीतही म्हणत नाहीत. यशयाच्या ग्रंथात मात्र ते म्हटलेले आहे. मान लववून आणि गोणपाट पसरून केलेला उपवास देवाला नको. जुलमाची बंधने तोडणे आणि भुकेल्याला आपली भाकर वाटून देणे हा त्याला हवा असलेला उपवास, असा त्या अध्यायाचा आशय आहे.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाला या बाबतीत आदर्श शोधण्यासाठी दूर जावे लागत नाही. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले व पुढे ते पुण्यास नेले. संस्थेत धर्मशिक्षण दिले जाणार नाही, असा करार होता आणि रमाबाईंनी तो पाळला. मात्र स्वतःच्या खोलीत प्रार्थना करताना दार लावून घेण्यास त्यांनी नकार दिला. उघड्या दारातून काही मुली आत येऊन बसू लागल्या. पुण्यात काहूर माजले, ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली, आणि १८९३ साली रानडे व भांडारकर यांच्यासारख्या सहानुभूतिदारांनीही सल्लागार मंडळ सोडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. गुप्त प्रार्थनेची आज्ञा रमाबाईंना ठाऊक नव्हती असे कोण म्हणेल? परंतु दार लावण्याची मागणी नम्रतेसाठी नसून लोकलज्जेसाठी होती. त्यांच्या टीकाकारांची बाजू अगदीच पोकळ नव्हती, हेही मान्य करावयास हवे. विश्वासाने मुली सोपविणाऱ्या पालकांना उघडे दार म्हणजे करारातील पळवाट वाटणे स्वाभाविक होते. तरी त्याच रमाबाईंनी चर्चपुढेही मान तुकविली नाही, हे विसरून चालणार नाही. इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावरही त्यांनी शाकाहार सोडला नाही, आणि क्रूसावर लॅटिन अक्षरे का, संस्कृत का नकोत, असे त्यांनी तेथील मठवासिनींना विचारले.

दुसरे उदाहरण प्रत्यक्ष साताऱ्याचे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि बरीच वर्षे मिशनच्या सेवेत काढली. १९१७ साली त्यांनी मिशनच्या पगाराचा त्याग केला, साताऱ्यास येऊन राहिले आणि ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात सामावून घ्यावेत अशी त्यांची कल्पना होती. परदेशी पैशावर उभा असलेला उपदेशक स्वदेशी मनाला काय सांगणार, ही टोचणी त्यामागे होती. हातात आलेला पैसा वाटून टाकण्याच्या त्यांच्या स्वभावामुळे घराची होणारी ओढाताण लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’त वाचावयास मिळते, आणि सचोटीची किंमत पुष्कळदा घरातले दुसरेच माणूस मोजत असते हेही त्यातून कळते. १९१९ च्या मे महिन्यात टिळक वारले.

रमाबाई आणि टिळक दोघेही जन्माने ब्राह्मण. त्यांनी पुष्कळ गमावले, पण शाळेच्या फीची सवलत किंवा शिपायाची नोकरी गमावण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला नाही. या जिल्ह्यांतील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे ज्या वस्त्यांतून आली, त्यांची गोष्ट निराळी आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हिंदूखेरीज अन्य धर्म मानणाऱ्यास अनुसूचित जातीचा समजू नये असे ठरविले. १९५६ मध्ये शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना त्यात स्थान मिळाले. ख्रिस्ती व मुसलमान बाहेरच राहिले. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली हा आदेश वैध ठरविला. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढण्याची शिफारस केली, ती अहवालातच राहिली. २०२४ च्या नोव्हेंबरात पुदुच्चेरीतील एका महिलेच्या प्रकरणात न्यायालयाने सांगितले की, प्रत्यक्षात ख्रिस्ती धर्म आचरून केवळ आरक्षणासाठी हिंदू म्हणविणे ही घटनेशी प्रतारणा होय. ती महिला ज्या पदासाठी झगडत होती, ते वरिष्ठ लिपिकाचे होते.

न्यायालयाने कायद्याचा अर्थ सांगितला, आणि सत्याच्या दृष्टीने पाहिले तरी दाखल्यावर एक आणि प्रार्थनेत एक, हे समर्थनीय नाही. पण याच न्यायाने आणखी एक गोष्ट पाहावी लागते. धर्म बदलला म्हणून गावाने कोणाची जात विसरल्याचे ऐकिवात नाही. पाणवठ्यावर जात तीच राहिली, स्मशानात तीच राहिली, आणि सांगावयास संकोच वाटला तरी काही मंडळ्यांच्या बाकांवरही तीच राहिली. ज्याला खरे बोलल्याबद्दल मुलाची शिष्यवृत्ती मोजावी लागते, त्याला खोटेपणाबद्दल दोष देण्याचा अधिकार कोणाला? निदान ज्यांना खरे बोलण्यासाठी काहीच मोजावे लागत नाही त्यांना तो नसावा. महाराष्ट्रातील बौद्धांनी १९६१ च्या जनगणनेत २७ लाखांहून अधिक संख्येने आपला नवा धर्म नोंदविला, तेव्हा केंद्राच्या सवलती त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह होऊन उभ्या होत्या. ते हे करू शकले, कारण त्यांच्या पाठीशी चळवळ होती. एकेकटे कुटुंब तहसील कचेरीच्या खिडकीपाशी उभे नव्हते.

येथे चर्चची जबाबदारी सुरू होते. ती उपदेशाने भागत नाही. सत्य लिहिणाऱ्या मुलाची फी मंडळीने भरावी, वसतिगृहात त्याला प्रथम जागा द्यावी. लेंटमधील दानपेटीचा याहून चांगला उपयोग कोणता? मिशनच्या जुन्या बंगल्यांच्या आणि जमिनींच्या व्यवहारांवरून महाराष्ट्रात ठिकठिकाणी कज्जे चालले आहेत. त्या व्यवहारांचा हिशेब चाळीस दिवसांत सभासदांपुढे मांडला गेला, तर साध्या माणसाला आपला दाखला खरा लिहिण्याचे थोडे धैर्य येईल.

शिरवळच्या पुस्तिकेकडे परत यावयाचे तर, सावित्रीबाई ख्रिस्ती झाल्या नाहीत. तसा आरोप मात्र फुले दांपत्यावर वारंवार झाला. जोतीरावांनी आपल्या अखेरच्या ग्रंथात असे घर कल्पिले की, ज्यात आई बौद्ध, वडील ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सार्वजनिक सत्यधर्माचा असेल आणि सर्वजण प्रेमाने नांदतील. त्या घरात कोणाला पुस्तक लपवावे लागले नसते. १८९७ च्या प्लेगात सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या वस्तीतील आजारी मुलाला पाठीवर घेऊन हडपसरजवळच्या यशवंतरावांच्या दवाखान्यात पोहोचविले. त्यांना स्वतःला लागण झाली आणि १० मार्च रोजी त्या गेल्या. त्या वर्षी ईस्टर १८ एप्रिलला होता, म्हणजे तो लेंटमधील दुसरा बुधवार होता. अर्थात त्यांनी तो मोजला नसणार.

जूनमध्ये शाळा उघडतात. तोवर चाळीस दिवस सरलेले असतात, ईस्टरही होऊन गेलेला असतो. शिक्षक जनरल रजिस्टर उघडून नवीन मुलाचे नाव लिहितो, जन्मतारीख लिहितो आणि धर्माच्या रकान्याशी थांबून समोरच्या बापाकडे पाहतो. याच रकान्यावरून पुढे शाळा सोडल्याचा दाखला निघणार, त्यावरून जातीचा दाखला, आणि तो जातपडताळणी समितीपुढे जाणार, हे दोघांनाही ठाऊक असते. मुलगा बापाचे बोट धरून उभा असतो आणि बाप काय सांगतो ते ऐकत असतो.