मुक्त संगणकावर गाणे, चित्रपट आणि खेळ

घरात संगणक आला म्हणजे त्यावर केवळ पत्रे लिहिली जातात आणि हिशेब मांडले जातात, असे कोणी समजू नये. वडीलधाऱ्यांना नाट्यगीते ऐकावयाची असतात, मुलांना खेळ हवे असतात, आणि रविवारी दुपारी सारे घर चित्रपट पाहावयास बसते. म्हणून एखादी संगणकप्रणाली सामान्य गृहस्थाच्या उपयोगाची आहे की नाही, याची परीक्षा कचेरीत होत नाही, दिवाणखान्यात होते. लिनक्स या मुक्त प्रणालीला या परीक्षेत इतका काळ का लागला, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम ‘मुक्त’ या शब्दाचा अर्थ पाहू. मुक्त म्हणजे केवळ फुकट नव्हे. हलवायाकडून मिठाई घेतली म्हणजे तिची कृती मिळत नाही. मुक्त प्रणालीत मात्र कृतीही हाती येते. ती वाचावी, तीत आपल्या रुचीप्रमाणे फेरफार करावा आणि शेजाऱ्यालाही द्यावी, अशी उघड मुभा असते. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली अमेरिकेत ग्नू प्रकल्प जाहीर केला तो याच तत्त्वावर. पुढे १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहून जगापुढे ठेवला. या दोहोंच्या मिलाफातून आजची लिनक्स प्रणाली उभी राहिली.

आता प्रश्न असा की, जी प्रणाली मोठमोठी यंत्रे चालवू शकते तिला साधे गाणे वाजविण्यास अडचण का यावी? याचे उत्तर यंत्रशास्त्रात नव्हते, कायद्यात होते. सीडीवरील एक मिनिटाचे संगीत सुमारे १० मेगाबाइट जागा व्यापते. तेच एमपीथ्री पद्धतीने सुमारे १ मेगाबाइटमध्ये मावते. ही किमया कशी साधते? ढोलताशांच्या दणदणाटात शेजारच्या माणसाची कुजबुज आपल्याला ऐकू येत नाही. जे कानाला ऐकूच येत नाही ते साठवावे कशाला, हे त्यामागील तत्त्व होय. परंतु या पद्धतीवर पेटंटे होती, आणि मुक्त प्रणाली वाटणाऱ्यांनी प्रत्येक प्रतीमागे शुल्क भरावे तरी कोठून? म्हणून फेडोरासारख्या प्रणालींनी एमपीथ्रीला बाहेरच ठेवले. काहींनी ऑग व्हॉर्बिस ही पेटंटमुक्त पद्धती निर्माण केली. तिची पहिली पूर्ण आवृत्ती २००२ साली आली. एमपीथ्रीच्या परवान्यांची योजना २०१७ साली संपली, आणि ही वाट एकदाची मोकळी झाली.

चित्रपटांची कथा याहून उद्बोधक आहे. डीव्हीडीला सांकेतिक कुलूप असे आणि किल्ली केवळ परवानाधारक कंपन्यांकडे. १९९९ साली यॉन योहान्सन या नॉर्वेतील पंधरा वर्षांच्या मुलाने दोन साथीदारांसह तयार केलेली, हे कुलूप उघडणारी आज्ञावली प्रसिद्ध केली. त्याच्यावर खटला भरण्यात आला. आपण पैसे देऊन घेतलेली तबकडी आपल्याच लिनक्स यंत्रावर पाहणे हा गुन्हा कसा, असा बचावाचा सवाल होता. २००३ च्या आरंभी न्यायालयाने त्याला निर्दोष ठरविले आणि वर्षअखेरीस अपिलातही तोच निर्णय कायम राहिला. पॅरिसजवळील एका अभियांत्रिकी विद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी घडविलेला, २००१ साली मुक्त झालेला व्हीएलसी हा दर्शकही याच काळातला.

खेळांची अडचण निराळी. विंडोजसाठी लिहिलेला खेळ विंडोजच्याच भाषेत मागण्या करतो. कानडी बोलणारा पाहुणा मराठी घरी आला तर त्याच्यासाठी सारे धारवाड उभारावे लागत नाही. एक चांगला दुभाषी पुरतो. १९९३ साली सुरू झालेला वाइन हा प्रकल्प म्हणजे असा दुभाषी होय. त्याची पहिली पूर्ण आवृत्ती येण्यास २००८ साल उजाडले! चित्रे रेखाटण्याच्या आज्ञांसाठी डीएक्सव्हीके हा वेगळा दुभाषी पुढे तयार झाला. व्हॉल्व्ह कंपनीने २०१८ साली या दोहोंना एकत्र करून प्रोटॉन काढले, आणि २०२२ साली लिनक्सवर चालणारे स्टीम डेक हे हातातील खेळयंत्र बाजारात आणले. विंडोजचे हजारो खेळ आता लिनक्सवर चालतात.

तरीही सर्व अडचणी संपल्या असे आम्ही म्हणणार नाही. काही स्पर्धात्मक ऑनलाइन खेळ लबाडी पकडण्यासाठी प्रणालीच्या गाभ्यात पहारेकरी बसवितात, आणि त्यांतील अनेक लिनक्सवर चालत नाहीत. जो गाभा मालकाला बदलता येतो त्यावर विश्वास कसा ठेवावा, असे त्यांच्या निर्मात्यांचे म्हणणे. ते अगदीच निराधार नाही. लबाडी खरोखर होते आणि तिने प्रामाणिक खेळाडूंचा विरस होतो. पण यंत्राचा अंतिम धनी कोण, विकत घेणारा की खेळ विकणारा, हा मूळ प्रश्न त्यातून सुटत नाही.

हा प्रश्न आपल्या दारापर्यंत आला आहे. विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला, आणि पुष्कळ धडधाकट यंत्रे पुढील आवृत्तीच्या अटींत बसत नाहीत. असे यंत्र भंगारात काढण्यापूर्वी आपण काय ऐकतो, पाहतो आणि खेळतो याची यादी करावी. मग लिनक्स पेनड्राइव्हवर उतरवून त्यावरूनच यंत्र सुरू करावे. यंत्रातील जुनी प्रणाली पुसावी लागत नाही. गाणी वाजली, चित्रपट दिसला आणि मुलांचा आवडता खेळ चालला, तर निर्णय सोपा आहे. न चालल्यास निदान एवढे कळेल की अडचण यंत्राच्या कुवतीची आहे, की कोणाच्या परवानगीची. हा भेद ओळखता येणे, हेच सुजाण ग्राहकाचे पहिले लक्षण होय.